फुकटची संध्याकाळ, साखरेचा हिशेब

"ताई, आज संध्याकाळी लवकर आवर हं. म्युझियममध्ये गाणी-नाच आहेत, कॅरिबियन लोकांचे. आणि फुकट आहे!"

धाकट्या बहिणीच्या त्या शेवटच्या शब्दावर मला हसूच आलं. लंडनमध्ये दहा वर्षं काढली तरी 'फुकट' म्हणतानाचा तिचा सूर अगदी आमच्या कराडच्या घरातला! मी तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी गेले होते. आई थकली आहे, तिच्या सासूबाईंना तिकडची हवा मानवत नाही, तेव्हा 'ताई आहेच की' असं ठरलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडीऐवजी गरम पाण्याची पिशवी, बाळाचं अंग चोळणं यातच दोन महिने गेले. लंडन पाहिलं ते बहुतेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्यामुळे बाहेर पडायचं म्हटल्यावर मी एका पायावर तयार. पण म्युझियम? आणि तेही संध्याकाळी?

आपल्या डोक्यात म्युझियम म्हणजे शाळेची सहल. बाईंच्या मागे रांगेनं चालायचं, 'हात लावू नये' या पाट्या वाचायच्या आणि पाच वाजता शिपायाने किल्ल्या वाजवल्या की बाहेर. तिथे संध्याकाळी गाणी कशी असतील, हे काही माझ्या डोळ्यांसमोर येईना.

जूनचे दिवस होते. तिकडे तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो. बाळाला ढकलगाडीत घालून, थोरल्याचा हात धरून आम्ही दोघी निघालो. मेहुणे परस्पर ऑफिसातून येणार होते. स्टेशनचं नाव वाचलं, 'वेस्ट इंडिया की'. भोवती बँकांच्या काचेच्या उंचच उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी पाण्याच्या कडेला एक जुनी, लांबलचक, विटांची इमारत. तेच म्युझियम. आताचं नाव 'लंडन म्युझियम डॉकलँड्स'. आत शिरलं की लाकडी खांब आणि लाकडी तुळया. आमच्या आजोळच्या माळ्यावर गेल्यासारखं वाटलं. पण हा माळा धान्याचा नव्हता. १८०२ साली बांधलेलं हे गोदाम साखरेचं! वेस्ट इंडीजच्या बेटांवरून जहाजं यायची आणि साखर, रम, कॉफी इथे उतरवली जायची. चोरी होऊ नये म्हणून गोदीभोवती वीस फूट उंच भिंत होती म्हणे. साखरेची केवढी ती किंमत!

पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी कानावर आला तो आवाज. जलतरंग म्हणावा तर त्याहून ठसठशीत, घंटा म्हणावी तर त्याहून मऊ. पाहते तर दहा-बारा जण तेलाच्या पिंपांवर काठ्या मारत होते! तेच आपलं पत्र्याचं पिंप, ज्यात आपण पाणी साठवतो. त्याचं तोंड ठोकून ठोकून खोलगट केलेलं आणि त्यावर एकेका सुराची जागा पाडलेली. हे 'स्टीलपॅन', त्रिनिदादचं वाद्य. वाजवणाऱ्यांत एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती. केसांच्या बारीक बारीक वेण्या, चष्मा, आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी एकाग्रता. एकेकाळी चांगल्या घरच्या मुलींनी पॅनला हात लावायचा नाही असा तिकडे दंडक होता, हे ऐकून मला आपल्या ढोल-ताशा पथकातल्या मुली आठवल्या. पहिल्यांदा कमरेला ढोल बांधून उभ्या राहिल्या तेव्हा काय काय ऐकून घेतलं त्यांनी!

आणि गर्दी तरी कशी? आजीबाई रंगीत टोप्या घालून आलेल्या. ढकलगाड्यांची रांग. ऑफिस सुटल्यावर तशीच आलेली माणसं. शेजारच्या बँकांत सफाईचं काम करणाऱ्या दोघी गणवेशातच उभ्या होत्या. ड्यूटीला अजून तास होता, तेवढ्यात नाचून घेत होत्या. तिकीट नाही, पास नाही, 'तुमचं नाव यादीत आहे का' नाही. गोऱ्या लोकांनी मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि ज्यांचं गाणं ते पुढे होते. हे मी मुद्दाम सांगते आहे. का, ते पुढे येईल.

वादन थांबल्यावर एका वादकाने पॅनची गोष्ट सांगितली. त्रिनिदादमध्ये इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात रस्त्यावर ढोल वाजवण्यावर बंधनं आणली. मग लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. त्यानंतर बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या पिंपांची झाकणं आणि शेवटी तेलाची पिंपं. १९५१ साली त्रिनिदादचा एक स्टीलबँड 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी लंडनला आला आणि पत्र्यातून निघणारे ते सूर ऐकून इथले लोक चकित झाले. विसाव्या शतकात जगाला मिळालेलं हे वाद्य टाकाऊतून जन्मलं, आणि तेही बंदीमुळे.

त्याने सांगितलेल्या आणखी एका गोष्टीने मात्र माझ्या पोटात कालवलं. तिकडच्या कार्निव्हलचं मूळ 'कॅनबुले' नावाच्या मिरवणुकीत आहे. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ 'जळलेला ऊस'. उसाला आग लागली की गुलामांना रात्री-अपरात्री शिंगं फुंकून, मशाली पेटवून शेतात हाकलत न्यायचे, कारण जळालेला ऊस लगेच तोडून गाळला नाही तर मालकाचं नुकसान. गुलामगिरी संपल्यावर त्याच लोकांनी त्या रात्रींचं सोंग घेऊन, मशाली नाचवत मिरवणूक काढली.

जळीत ऊस! हा शब्द माझ्या बहिणीला नवा होता, मला नव्हता. मी कृष्णाकाठची. साखर कारखान्याचा भोंगा ऐकत वाढले. लग्नानंतरही घर तिथेच, आणि गेली पंधरा वर्षं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जमेल तसं काम करते. कधी साखरशाळेत शिकवलं, कधी संध्याकाळी तळावर जाऊन अभ्यास घेतला. जळीत उसाची तोड म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. काजळी नाकातोंडात जाते, बायकांची लुगडी काळी होतात आणि मुकादम ओरडत असतो, 'आवरा, वजन घटतंय!' सात समुद्रापार, दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकताना मला आमच्या तळावरचा आवाज ऐकू येत होता.

मेहुणे आले. थोरला भाचा लिंबोच्या काठीखालून वाकून जाण्यात रमला. मी बहिणीला म्हटलं, "जरा वर जाऊन येते." वरच्या मजल्यावर 'लंडन, साखर आणि गुलामगिरी' हे दालन आहे. ते २००७ साली सुरू झालं. ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला १८०७ साली, त्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा. दालनाच्या तोंडाशीच एक भलीमोठी यादी आहे. लंडनहून निघालेल्या गुलामांच्या जहाजांची. जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, साल, आणि किती माणसं भरली. माणसांची नावं नाहीत, फक्त आकडे. खालून पॅनचे सूर येत होते आणि मी ती यादी वाचत होते. कितीतरी जहाजांना बायकांची नावं! जहाजाला बाईचं नाव द्यायचं, आणि पोटात कोंबलेल्या बाईला मात्र नाव नाही.

याच इमारतीसमोर रॉबर्ट मिलिगन यांचा पुतळा होता. ही गोदी बांधण्यात पुढाकार घेणारा हा व्यापारी. १८०९ साली तो वारला तेव्हा जमैकातल्या त्याच्या मळ्यांवर ५२६ गुलाम होते. २०२० साली जून महिन्यात तो पुतळा काढण्यात आला. पुतळा काढावा की ठेवावा यावर पुष्कळ वाद होऊ शकतो. मला विचाराल तर पुतळ्यापेक्षा ती यादी महत्त्वाची. पुतळा काढणं एका दिवसाचं काम. यादी लावून ठेवणं आणि रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचायला लावणं, हे अवघड.

या सगळ्यात आम्हा गृहिणींचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. आहे, आणि फार जवळचा आहे. १७९१-९२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्काराची लाट आली. थॉमस क्लार्कसन या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी ती साखर सोडली. आता सांगा, घरात साखर आणायची की नाही हे ठरवतं कोण? मताचा हक्क नव्हता, पार्लमेंटात बसता येत नव्हतं, पण साखरेचं भांडं बायकांच्या हातात होतं. चहा बिनसाखरेचा पिऊ म्हणाल्या! १८२४ साली लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी पुस्तिका लिहिली की गुलामगिरी हळूहळू नको, ताबडतोब बंद करा. मोठमोठे पुरुष पुढारी 'हळूहळू' म्हणत असताना ही बाई 'ताबडतोब' म्हणत होती आणि गावातल्या वाण्यांकडे जाऊन 'ही साखर ठेवू नका' असं सांगत होती. तेव्हाची साखरेची भांडी अजून जपून ठेवलेली आहेत. 'ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही' असं त्यांच्यावर छापलेलं असे.

ईस्ट इंडिया म्हणजे आपण! मला क्षणभर अभिमान वाटला. पण तो फार वेळ टिकायचा नव्हता.

खाली आले तर वाद्य बदललेलं. तड-तड-तड असा आवाज. मी दचकलेच. हा तर ताशा! गणपतीत आमच्या गल्लीत घुमतो तोच. गळ्यात ताशा अडकवलेली तीन माणसं, दिसायला आपल्यासारखीच. एकाचं वाजवून झाल्यावर मी शेजारच्या बाईंना माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "हे लोक भारतातले का?"

त्या हसल्या. पंच्याहत्तरीच्या असतील. सावळ्या, चापूनचोपून केस, गळ्यात सोन्याची बारीक साखळी. "नाही, त्रिनिदादचे. मी गयानाची. आणि तू कुठली?"

"महाराष्ट्र. मुंबईच्या बाजूला."

"म्हणजे तू खरी हिंदुस्थानातली!" त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. त्या साठच्या दशकात नर्स म्हणून लंडनला आल्या, सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलं आणि आता नातवंडांत रमल्या आहेत. नातवंडं काय म्हणतात विचारलं तर म्हणाल्या, "आजी." मला वाटलं माझी चेष्टा करतात. पण खरंच, गयाना-त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या घरांत वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात. भोजपुरीतून गेलेला शब्द. मग मीही त्यांना आजीच म्हटलं.

आजींनी पर्समधून एका कागदाची घडी काढली. त्यांच्या पणजीच्या 'एमिग्रेशन पास'ची प्रत. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, अंगावरच्या खुणा. 'लग्न झालं असल्यास कुणाशी' या ओळीपुढे काहीच नाही. एकटी बाई, कलकत्त्याहून जहाजात बसली आणि अर्ध्या जगापलीकडे उतरली. "का गेली असेल?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "कोण सांगणार बेटी? विधवा असेल. सासरहून पळाली असेल. दुष्काळ असेल. कुणीतरी फसवलं असेल. कागदावर डाव्या गालावरचा वण लिहिलाय, पण तो कसा झाला ते नाही लिहिलं."

तो कागद हातात घेऊन मला शाळेत कुणी न शिकवलेला इतिहास कळला. ब्रिटिशांनी १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा भरपाई दिली दोन कोटी पौंड. कुणाला? गुलामांच्या मालकांना! त्यासाठीच्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली. राबलेल्यांना छदामही नाही. उलट आणखी काही वर्षं 'उमेदवारी'च्या नावाखाली फुकट राबवून घेतलं आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी ते खऱ्या अर्थाने सुटले. त्यानंतर ऊस कोण तोडणार, याची सोय मालकांनी आधीच केली होती. जॉन ग्लॅडस्टन या मळेमालकाने (पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांचे वडील) १८३६ सालीच कलकत्त्याच्या कंपनीला मजूर पाठवण्याबद्दल पत्र लिहिलं. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजं ५ मे १८३८ रोजी गयानाला पोचली. म्हणजे गुलाम सुटायच्या तीन महिने आधी आपली माणसं हजर! 'ॲग्रिमेंट'चं झालं 'गिरमिट', आणि ती माणसं झाली गिरमिटिया. पाच-पाच वर्षांचा करार. १९१७ पर्यंत पाच लाखांहून जास्त भारतीय कॅरिबियनला गेले. बायका कमी म्हणून पुढे शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असाव्यात असा नियमच झाला. तिकडे मॉरिशसच्या उसात तर मुंबई बंदरातून आपली मराठी माणसंही गेली. म्हणजे ज्या ईस्ट इंडियाचं नाव साखरेच्या भांड्यावर 'गुलामगिरीमुक्त' म्हणून मिरवलं, तिथलीच माणसं पुढे त्या उसाला जुंपली.

आजींना मी विचारलं, "इतकं सोसलं, आणि इथे नाच-गाणं? या गोदामात? वाईट नाही वाटत?"

"वाईट वाटतं म्हणून तर येते," त्या म्हणाल्या. "माझ्या पणजीला लिहिता येत नव्हतं. लग्नाच्या आधी बायका रात्री जमून गाणी म्हणायच्या, ती तिने शिकवली. तेवढंच तिच्याकडून आलं. ते इथे वाजतं, त्यांच्या साखरेच्या गोदामात. वाजू दे की!"

परत येताना आगगाडीत बहिणीशी माझं थोडं वाजलंच. ती म्हणाली, "ताई, जरा मोकळं व्हायला गेलो होतो. तू ती यादी वाचत बसलीस आणि चेहरा पाडून आलीस. प्रत्येक गोष्टीचा असा कीस काढायलाच हवा का?" मेहुण्यांचं उलटं. "इतकी माणसं मेली, तिथे पार्टी कशी करवते यांना?" बाळाला दूध पाजायच्या वेळी मी वाद वाढवला नाही. पण दोघांचंही मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

नुसता नाच दाखवला असता तर ती करमणूक झाली असती. आपण टाळ्या वाजवून, डाळपुरी खाऊन (ही आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण, फार छान लागते) घरी आलो असतो. नुसती यादी लावली असती तर सफाईवाल्या त्या दोघी तिकडे फिरकल्याही नसत्या. दोन्ही एका छपराखाली होतं म्हणून त्या 'फुकट' शब्दाला वजन आलं. आम्हाला तिकीट नव्हतं, पण किंमत कुणी मोजली ते भिंतीवर लिहिलेलं होतं.

आणि अशा संध्याकाळी आपोआप होत नाहीत, कुणीतरी त्या घडवाव्या लागतात. त्यातही बायका पुढे होत्या. १९५८ साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात काळ्या वस्तीवर हल्ले झाले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स तेव्हा लंडनमध्ये काळ्या लोकांचं वर्तमानपत्र चालवत होत्या. त्यांनी काय केलं? ३० जानेवारी १९५९ रोजी, भर थंडीत, सेंट पँक्रसच्या टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. त्याच्या माहितीपत्रकाच्या विक्रीतला काही भाग दंगलीत दंड झालेल्या तरुणांचा, काळ्या आणि गोऱ्याही, दंड भरायला ठेवला. पुढे १९६६ साली ऱ्होन लॅसलेट या सामाजिक कार्यकर्तीने त्याच वस्तीतल्या मुलांसाठी रस्त्यावर जत्रा भरवली, तिथे स्टीलबँड वाजत रस्त्याने निघाला. आज लाखो लोक जमतात त्या नॉटिंग हिल कार्निव्हलची मुळं ही अशी आहेत. आपल्याकडे 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हटलं की सामाजिक काम करणारे नाक मुरडतात. मीही मुरडायची.

आता माझीच चूक सांगते. लंडनला जाण्याआधीच्या वर्षी महिला दिनाला आमच्या मंडळाने 'ऊसतोड भगिनींसाठी मोफत कार्यक्रम' ठेवला होता. गावातलं सभागृह, दुपारी तीनची वेळ. आरोग्यावर व्याख्यान आणि मग आमच्या मंडळाची गाणी. आल्या अकरा जणी, त्यातल्या निम्म्या तोड होत नाही म्हणून तळावर राहणाऱ्या म्हाताऱ्या. 'यांना फुकट दिलं तरी नको असतं,' असं मी तेव्हा चहा पिताना म्हटलं होतं. नंतर एकीने सांगितलं, "बाई, तीन वाजता आम्ही फडात मोळ्या वाहत असतो. खाडा केला तर पैसे कापतात." नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल दोघांच्या नावावर, आणि तिला दुपारी तीनला सभागृहात बोलावणारी मी! व्याख्यान आमचं, गाणी आमची, वेळ आमच्या सोयीची. त्यांच्यासाठी काय होतं, तर खुर्च्या.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारने समिती नेमली. आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, हळहळलो, आणि चहात साखर घातली. मी वेगळी नाही.

गुलामगिरी आणि आमच्याकडची ऊसतोड एकच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं त्या यादीतल्या माणसांवर अन्याय होईल. पण उचल, मुकादम आणि करार हे शब्द गिरमिटियांच्या कागदाशेजारी ठेवले की झोप उडते. आणि ही जोड मी आज लावते आहे असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली कायदेमंडळात गिरमिट पद्धत पूर्ण बंद करण्याचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला, पण पाच वर्षांनी ती जहाजं थांबलीच. आपल्या माणसांनी दूरवरच्या उसाकडे पाहिलं होतं. आपण शेजारच्या फडाकडे बघत नाही.

मला मनापासून वाटतं की आपल्याकडे गावोगावी म्युझियम नसेल, पण समाजमंदिर आहे, शाळेचं पटांगण आहे, कारखान्याचं सभागृह आहे. महिन्यातली एक संध्याकाळ ज्यांच्या घामावर गाव उभं आहे त्यांना द्या. सत्कार करू नका, उपदेश करू नका. त्यांच्या वेळेला ठेवा, त्यांना गाऊ द्या, त्यांना सांगू द्या. आणि गावातल्या आयाबायांनी मागे उभं राहून ऐकावं. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांनीही एखादी संध्याकाळ दारं उघडी ठेवायला काय हरकत आहे? पाच वाजता कुलूप लावलं तर कामावरची बाई येणार कधी?

परत आल्यावर गेल्या हंगामात मी एवढंच केलं. रात्री आठला, भाकरी झाल्यावर, तळावर गेले. माईक नाही, फलक नाही, बरोबर मंडळातल्या चौघीच. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एका म्हातारीने जात्यावरची ओवी धरली आणि तासाभरात तीस-चाळीस जणी जमल्या. रात्री दहापर्यंत गाणी चालली. मला वाटलं, जमलं! उठताना एक तरणी पोर म्हणाली, "बाई, गाणी झाली. आता आमच्या आंघोळीच्या आडोशाचं आणि पाण्याचं तेवढं कुणाला तरी सांगा की."

मी ते लिहून घेतलं. अर्ज केला, कारखान्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे दोन-दोन हेलपाटे घातले. हंगाम संपता संपता दोन पत्र्याचे आडोसे उभे राहिले. पाणी अजून आलेलं नाही. येत्या दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा येतील, तोवर पाठपुरावा चालू आहे.

तुमच्या घरी साखरेचा डबा आहेच. तुमच्या गावाच्या कडेलाही एखादा तळ असेल. उसाचा नसेल तर वीटभट्टीचा, बांधकामाचा. एखाद्या रात्री, आठ वाजता, जाऊन बघाल?